लाकडावरचा शालू

नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधविले. या देवळाच्या तटावर टांगलेली भली थोरली घंटा नाशिककरांच्या नित्य परिचयाची आहे. तिच्यावर १७२१ हे साल युरोपीय अंकांत आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. तेथील चर्चच्या मनोऱ्यांतील अनेक घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रभर गेल्या, आणि त्यांपैकीच ही एक होय, असे मानले जाते. आपल्या पूर्वजांना मिस्सेला बोलावणारी घंटा आज गोदेच्या घाटावर उभी आहे. इतिहासाचे फेरे असे असतात. त्यांबद्दल आज कोणी कोणावर रागावण्याचे कारण नाही.

परंतु त्या घंटेकडे पाहताना माझ्या मनात नेहमी एक वेगळा प्रश्न येतो. घंटा धातूची, म्हणून ती टिकली. त्याच चर्चमध्ये लाकडाच्या वेदी होत्या, लाकडाचे संत होते, त्यांच्या अंगावर रंगविलेली वस्त्रे होती. त्यांचे काय झाले? काहींना आग लागली, काही वाळवीने खाल्ल्या, काही समुद्रमार्गे गेल्या. उरलेल्यांचे जे झाले त्याला परके कोणीच जबाबदार नाही. ते आपण केले, आणि भक्तीनेच केले. मीही केले. ती हकिगत मी पुढे सांगणारच आहे. पण आपण काय गमावले हे कळण्यासाठी आधी ही कला मुळात काय होती, ते पाहिले पाहिजे.

रेशीम युरोपचे नव्हे. ते पूर्वेकडून गेले. सहाव्या शतकाच्या मध्यास सम्राट जस्टिनियनच्या काळी काही ख्रिस्ती संन्याशांनी रेशीमकिड्यांची अंडी लपवून कॉन्स्टँटिनोपलला नेली, असे त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस याने नोंदविले आहे. पुढे इटलीतील लुक्का, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही शहरे रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध झाली. तरीही जरतारी रेशीम ही राजेरजवाड्यांचीच मिरास राहिली. गोरगरिबांच्या चर्चला असे वस्त्र वेदीवर घालणे परवडणारे नव्हते. मग चित्रकारांनी एक युक्ती काढली. रेशीम विकत घेता येत नसेल, तर ते लाकडावर रंगवावे.

ही युक्ती किती उंचीला पोहोचली होती, हे पाहायचे तर सिमोने मार्तिनी आणि लिप्पो मेम्मी या दोघांनी सिएनाच्या कथीड्रलसाठी १३३३ साली केलेले देवदूताच्या निरोपाचे चित्र पाहावे. ते आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. चित्र लाकडी फळ्यांवर आहे. गाब्रिएल दूताच्या अंगावर आशियातून आलेल्या किनखापाचा झगा आहे. वस्तुतः तेथे एकही धागा नाही. आधी सोन्याचा वर्ख, त्यावर रंग, आणि तो रंग नेमक्या जागी खरवडून खालचे सोने पुन्हा उघडे केलेले, एवढाच तो प्रकार आहे.

सन १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने आपल्या कारागिरीचे एक पुस्तक लिहिले. लाकूड कसे तयार करावे, वर्ख कसा बसवावा, सोनेरी कापडाचा भास कसा आणावा, हे सारे त्यात आहे. त्यातच खऱ्या रेशमावर चित्र काढण्याचीही रीत आहे. मिरवणुकीत काठीला लावून नेण्याचे ध्वज रेशमाचे असत, आणि त्यांवर संतांची चित्रे काढीत. कापड चौकटीवर ताणून घ्यायचे, एका बाजूने रेखाटन करायचे, मग चौकट उन्हात धरायची, म्हणजे तेच रेखाटन मागच्या बाजूने दिसते व तिकडूनही गिरविता येते. ध्वज वाऱ्यावर कसाही वळला तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना संताचे दर्शन घडावे, हा त्यामागील विचार. सणाच्या दिवशी आपण मिरवणुकीत झेंडे नेतो, त्यांचे हे दूरचे पूर्वज होत.

लाकडी मूर्तीच्या वस्त्रांवर हे काम करण्याच्या पद्धतीला स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत ‘एस्तोफादो’ म्हणतात. ‘एस्तोफा’ म्हणजे कापड. लाकडाला कापड करणे, हाच या शब्दाचा आशय. तिची रीत अशी. चांगले मुरलेले लाकूड घेऊन मूर्ती कोरायची. तिला सरस लावायचा. मग जनावराच्या कातड्यापासून केलेल्या सरसात खडूसारखी पांढरी भुकटी कालवून तिचे पातळ थर एकावर एक द्यायचे आणि घासून गुळगुळीत करायचे. त्यावर मऊ तांबड्या मातीचा लेप द्यायचा, कारण तांबड्यावर सोने अधिक उबदार दिसते. त्यावर वर्ख बसवायचा आणि अकीकाच्या दगडाने घोटून त्याला झळाळी आणायची. सोने असे लखलखू लागले की ते सगळे रंगाने झाकून टाकायचे! अंड्याच्या बलकात कालविलेला निळा, हिरवा किंवा किरमिजी रंग द्यायचा. तो पुरता कठीण होण्याआधी टोकदार काडीने फुले, वेली, बुट्टे खरवडायचे. जेथे काडी फिरते तेथे सोने वर येते. चेहरा आणि हात मात्र तेलरंगाने, देहाची कांती यावी असे रंगवायचे.

हे काम एका हाताचे नसे. स्पेनमध्ये कोरणारा वेगळा आणि रंगविणारा वेगळा, असा कारागिरांच्या संघांचा नियमच होता. सेव्हिल शहरातील मोन्तान्येस हा थोर मूर्तिकार. १६०३ ते १६०६ या काळात त्याने कोरलेला क्रुसावरील ख्रिस्त आजही तेथील कथीड्रलमध्ये आहे. तो रंगविला फ्रान्सिस्को पाचेको याने. हाच पाचेको पुढे व्हेलास्केझ या विख्यात चित्रकाराचा गुरू व सासरा झाला. मूर्ती लाकडाची असली तरी तिच्यात प्राण आणतो तो रंगारी, अशी त्या काळची समजूत होती.

मोठ्या शहरांच्या या कलेखाली खेड्यापाड्यांतील साध्या माणसांचीही एक कला वाहत होती. पोर्तुगालमध्ये, बव्हेरियात, ऑस्ट्रियात आजारातून उठलेला किंवा वादळातून वाचलेला माणूस एका छोट्या फळीवर तो प्रसंग रंगवून घेई आणि नवस फेडण्यासाठी ती फळी तीर्थस्थानी टांगी. स्लोव्हेनियातील शेतकरी मधमाश्यांच्या पेट्यांच्या दर्शनी फळ्या रंगवीत. अशा फळ्यांपैकी सर्वांत जुनी ज्ञात फळी १७५८ सालची असून तिच्यावर मरियामातेचे चित्र आहे. या चित्रांत हातपाय प्रमाणात नसतात, घोडा कधी घरापेक्षा मोठा असतो. पण विश्वासात खोट नसते.

आता आपल्याकडे वळू. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे आली. चर्च उभी राहू लागली, तसतशी वेदींची आणि मूर्तींची गरज वाढली. जहाजातून येणाऱ्या मूर्ती किती पुरणार? सागाचे उत्तम लाकूड येथे होते आणि ते कोरणारे हातही येथेच होते. हे हात पिढ्यानपिढ्या देवळांचे खांब, पालख्या आणि देवदेवतांच्या मूर्ती घडवीत व रंगवीत आले होते. गोव्यात आणि सावंतवाडीच्या मुलखात लाकूड रंगविणाऱ्या या कारागिरांना ‘चितारी’ म्हणतात. चित्रकार याच शब्दाचे ते रूप.

येथे इतिहासातील एक अवघड गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्तेतर कारागिरांकडून पूजेसंबंधीची चित्रे व वस्तू करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, याचाच अर्थ ते काम त्यांच्याकडून करवून घेतले जात होते. आणि मनाईनंतरही या हातांवाचून चर्चचे चालले नाही. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस असिसीकरांच्या चर्चमध्ये मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना त्या संताच्या चरित्रातील प्रसंगांची मोठी चित्रे आहेत. से कथीड्रलमध्ये संत कॅथरीनच्या चरित्राचे प्रसंग कोरलेली, सोन्याने मढविलेली भव्य वेदी आहे. अशा कामांवर राजाचे, बिशपांचे, देणगीदारांचे नाव बहुधा सापडते. कोरणाऱ्याचे आणि रंगविणाऱ्याचे नाव क्वचितच. ज्यांनी आपल्या संतांना वस्त्रे नेसविली त्यांपैकी कित्येक जण त्या संतांचे अनुयायी नव्हते. त्यांचे ऋण आपण आजवर नीट उच्चारलेले नाही.

आणि हे कारागीर कोरे हात घेऊन आले नव्हते. सावंतवाडीचे गंजिफे पाहा. दशावतारी गंजिफ्यात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पाने असतात. त्यांचा कागद किंवा कापड तयार करण्याची जुनी रीत अशी, की चिंचोक्याच्या खळीत खडूची पूड कालवून थर द्यायचे, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग चित्र काढून वर लाखेचे रोगण चढवायचे. युरोपीय कारागिराचा कातड्याचा सरस आणि आमच्या चिताऱ्याची चिंचोक्याची खळ यांत फरक जनावर आणि झाड एवढाच! युरोपची रीत येथे आली तेव्हा ती अनोळखी घरात आली नाही. तिच्या भावंडांच्या घरात आली. पुढे गंजिफ्यांची ही कलाही मरणपंथाला लागली होती. सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेऊन राजवाड्यातच कारागिरांना बसविले, म्हणून ती आज जिवंत आहे. कला मरते तशी ती वाचविताही येते, याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण.

आता माझी हकिगत. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी नवीनच दीक्षा झालेली असताना मी एका लहानशा धर्मग्रामात होतो. तेथील चर्चमध्ये मरियामातेची दोन फुटांची एक जुनी लाकडी मूर्ती होती. मेणबत्त्यांच्या धुराने ती काळवंडली होती, झग्याला चिरा गेल्या होत्या, एका बाजूचा रंग पोपडे होऊन निघत होता. सण तोंडावर आला होता. आईची मूर्ती अशी कळकट दिसू नये, असे मला मनापासून वाटले. मी बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या एका भल्या माणसाला बोलावले. पांढऱ्या आणि आकाशी रंगाचे ऑइलपेंटचे दोन डबे आणले. तो पॉलिश पेपरने मूर्ती घासू लागला. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर तांबूस भुकटी पडू लागली आणि तिच्यात बारीक बारीक काहीतरी चमकत होते. त्याने हात थांबविला. म्हणाला, “फादर, आत सोनेरी काहीतरी नक्षी दिसतेय. तेवढी ठेवू का?” मी म्हणालो, “नको, सगळे एकसारखे होऊ द्या.”

सणाच्या दिवशी मूर्ती लखलखीत दिसत होती. सर्वांनी कौतुक केले. मिस्सा संपल्यावर एक आजी वेदीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या मूळच्या येवल्याच्या. लहानपणी विणकरांच्या घरी कांड्या भरायला जात असत. मला म्हणाल्या, “फादर, रंग छान झालाय. पण मरियामातेचा शालू कुठं गेला?”

मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. वय झाले आहे, असे मनाशी म्हणून मी हसलो आणि पुढे गेलो.

अर्थ कळायला काही वर्षे लागली. एका सहलीत जुन्या गोव्याला जाणे झाले. राशोलच्या सेमिनरीत १९९४ साली सुरू झालेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आणले गेले आहे. तेथे एका लाकडी मूर्तीपुढे मी थांबलो. निळ्या झग्यावर सोन्याची फुले होती. एका कोपऱ्यात रंग उडाला होता आणि तेथे थरांचा क्रम पुस्तकासारखा उघडा पडला होता : निळा, त्याखाली सोने, त्याखाली तांबडी माती, त्याखाली पांढरा थर, आणि तळाशी लाकूड. वर्तमानपत्रावर पडलेली ती तांबूस भुकटी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी खरवडून काढला तो मळ नव्हता. कोणा अनाम हाताने आईला नेसविलेला तो शालू होता.

परत आल्यावर मी मुद्दाम येवल्याला गेलो. आपल्या जिल्ह्यातील या गावाला पैठणीची मोठी परंपरा आहे. मागावर पदर चढला होता. जुन्या पद्धतीच्या पदरात जमीन जरीची असते आणि तिच्यावर रंगीत रेशमाचे मोर, मुनिया, आसावलीच्या वेली उमटतात. रंगारंगांच्या कांड्या हाताने फिरवून, धागा धाग्यात गुंतवून हे काम चालते. म्हणून नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. खाली सोने, वर रंग! आजींनी पुस्तक वाचले नव्हते, संग्रहालय पाहिले नव्हते. पण मूर्तीच्या झग्यावर सोन्यात खेळणारा रंग त्यांनी लहानपणी मागावर पाहिलेला होता, म्हणून त्यांनी तो ओळखला. सेमिनरीत शिकलेल्या मला तो ओळखता आला नाही. माफी मागायला गेलो तेव्हा त्या प्रभूघरी गेल्या होत्या.

माझ्या चुकीला अज्ञान हे कारण असले तरी ते पुरेसे कारण नाही. १९८३ च्या धर्मसंहितेचे ११८९ वे कलम आम्हा सर्वांना शिकविलेले असते. प्राचीनत्व, कला किंवा भक्ती या दृष्टीने मोलाची असलेली मूर्ती चर्चमध्ये दर्शनासाठी ठेवलेली असेल आणि तिला दुरुस्तीची गरज असेल, तर धर्मप्रांताधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून तिला हात लावू नये, आणि त्यांनीही परवानगीपूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असे ते कलम सांगते. त्याआधी, ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, ही पहिली. पूर्वजांकडून आलेल्या मोलाच्या वस्तू विकल्या वा नष्ट होऊ नयेत यासाठी दक्ष राहावे, ही दुसरी. म्हणजे नवे घडविण्याचे स्वातंत्र्य आणि जुने जपण्याचे कर्तव्य या दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजात एकत्र नांदतात.

या दोन्हींची गाठ ज्यांच्या आयुष्यात दिसते ते आंजेलो द फोन्सेका. १९०२ साली गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि मरियामातेला साडी नेसविली. गोव्यात त्यावर टीका झाली. ते पुण्याला आले, तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले आणि १९६७ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांना साडीतील मरिया परकी वाटली. परंतु त्याआधी कित्येक पिढ्या आमचे चितारी तिला भरजरी वस्त्र नेसवीतच आले होते. कोणाच्या लक्षात आले नव्हते, एवढेच.

आपल्या घरच्या वेदीवर किंवा माळ्यावर एखादी जुनी लाकडी मूर्ती, क्रूस किंवा रंगविलेली फळी असेल, तर वाचकहो, माझी एवढी विनंती ऐका. तिला ओल्या फडक्याने पुसू नका, कारण सरस पाण्याने सुटतो. खोबरेल तेल चोळू नका. ऑइलपेंट तर मुळीच नको. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने हलकेच झटका. मेणबत्ती थोडी दूर ठेवा. मूर्तीखाली लाकडाचा बारीक भुगा पडलेला दिसला तर भुंगा लागला आहे असे समजा, आणि तिला इतर लाकडी वस्तूंपासून वेगळी ठेवून जाणकारांना दाखवा. तिचे छायाचित्र काढून मागे दोन ओळी लिहा : ती कोणी आणली, केव्हा, कोठून. मुंबईत गोरेगावला २०११ पासून मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय आहे. अशा वस्तूंचे मोल काय, हे तेथे मुलाबाळांना नेऊन दाखवा. आणि घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारा. पुष्कळदा खरे ज्ञान त्यांच्यापाशीच असते.

वांद्र्याच्या मोत मावलीच्या लाकडी मूर्तीविषयी एक परंपरा सांगतात. १७०० साली अरबी चाचे आले आणि मूर्तीच्या हातातील वस्तूचा सोनेरी मुलामा पाहून, ते खरे सोने समजून त्यांनी तिचा उजवा हात तोडून नेला. त्यांना मुलामा सोने वाटला. मला सोने मळ वाटले. दोघांच्या हातून जखम झाली ती आईलाच. फरक एवढाच, की चाचे लुटायला आले होते आणि मी सजवायला गेलो होतो.

ती मूर्ती आजही त्या धर्मग्रामात आहे. आकाशी रंगाच्या त्या थराखाली, पॉलिश पेपर जेथे पोहोचला नाही अशा चुण्यांच्या खोलीत, थोडे सोने अजून शिल्लक असेल. तज्ज्ञ हातांना तो रंग कणाकणाने काढता येतो. त्यासाठी वेळ लागतो, पैसा लागतो, आणि रीतसर परवानगी लागते. त्या परवानगीचा अर्ज मी आता केला आहे.